मस्कत ते सूर : भाऊंबरोबर एक शनिवार

मस्कतमधल्या मराठी माणसाला "सूर पाहिलंस का?" असं विचारलं, की दोन प्रकारची उत्तरं मिळतात. दोन वर्षांपूर्वी आलेला म्हणतो, "हो, दोनदा जाऊन आलो." आणि वीस वर्षं झालेला म्हणतो, "अजून योग नाही आला बघा." यात नवल काही नाही. जुन्या लोकांची पहिली वर्षं घराचं कर्ज, बहिणीचं लग्न, मुलांची फी यात गेली. तेव्हा गाडी नव्हती. पुढे गाडी आली, पण तोपर्यंत सुट्टी म्हणजे झोप, बाजार आणि गावी फोन, अशी सवय पडून गेलेली.

आमचे भाऊ या दुसऱ्या प्रकारातले. मूळचे देवगडकडचे, इथे बांधकामावर सुपरवायझर. दरवर्षी गणपतीचं मखर त्यांच्याच हातचं असतं, म्हणून मस्कतची निम्मी मराठी मंडळी त्यांना ओळखतात. ओमानमध्ये त्यांना २३ वर्षं झाली. या जानेवारीत त्यांचा करार संपला. इथे नोकरी आहे तोवर राहण्याचा परवाना. नोकरी संपली की हिशोब घ्यायचा, सामान बांधायचं आणि निघायचं. परतीचं तिकीट हातात पडलं, तेव्हा निरोपाचं जेवण ठेवायचं ठरत होतं. भाऊ म्हणाले, "जेवण नको. माका एकदा सूर दाखवा. रस्तो मी केलंय, पण गाव बघूक नाय."

मग काय, शनिवार ठरला. मी, माझा नवरा, भाऊ, दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या नाशिकच्या वहिनी, आणि एक सोलापूरकर पोरगा. हा एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. सात जणांच्या गाडीत सहा माणसं आणि सातव्या जागेवर डबे. वहिनींची थालीपीठं, माझा दहीभात, सोलापूरकराच्या आईनं पाठवलेली शेंगाचटणी आणि चहाचा मोठा थर्मास. सकाळी सहाला निघालो.

मस्कत ते सूर साधारण दोनशे किलोमीटर. कुरियातपर्यंत रस्ता हजर पर्वताच्या रांगांतून जातो. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना हे डोंगर आधी चमत्कारिक वाटतात. झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी दगड, उभ्या-आडव्या पट्ट्यांचा. कुरियात मागे पडलं की डावीकडे एकदम समुद्र लागतो आणि तो सूरपर्यंत सोबत सोडत नाही. उजवीकडे डोंगर, डावीकडे पाणी आणि मधून चार पदरी गुळगुळीत रस्ता.

या रस्त्यावर भाऊंनी तीन वर्षं काढली. हा रस्ता व्हायच्या आधी सूरला जायचं तर डोंगरामागून, इब्राच्या वाटेनं लांबचा वळसा घ्यावा लागायचा. नाहीतर किनाऱ्यानं कच्च्या वाटेवरून हाडं खिळखिळी करत जायचं. भाऊ २००६ साली या कामावर आले. पत्र्याच्या खोल्यांची छावणी, एका खोलीत आठ माणसं, पाणी टँकरचं. "आठवड्याक एक सुट्टी. त्या दिवशी कपडे धुवायचे नि झोपायचा. बघायचा काय?" ते खिडकीतून प्रत्येक वळण बघत होते. मध्येच म्हणायचे, "हय आमची खडी पडायची", "हय एक पंजाबी ड्रायव्हर होतो, फार चांगलो माणूस."

पहिला थांबा बिम्मा सिंकहोल. स्थानिक नाव हवियत अल नज्म, म्हणजे ताऱ्याचा खड्डा. एक तारा आकाशातून निखळला आणि इथे पडला, अशी गोष्ट गावात सांगतात. आता तिथे बाग केली आहे आणि खड्ड्यात उतरायला पायऱ्या आहेत. कठड्यावरून वाकून पाहिलं की खाली हिरवं-निळं पाणी दिसतं. इतकं स्वच्छ, की तळाचे दगड मोजावेत. खरं कारण तारा नव्हे, चुनखडी. जमिनीखालचं पाणी हजारो वर्षं चुनखडी विरघळवत राहतं, आत पोकळी तयार होते आणि एक दिवस वरचं छप्पर कोसळतं. समुद्र इथून अर्ध्या किलोमीटरवर, त्यामुळे पाणी गोडं आणि खारं असं मिसळलेलं.

सोलापूरकर म्हणाला, "म्हणजे आपल्या लोणारच्या उलटं की हे." आणि ते अगदी बरोबर. लोणारला लोक लवणासुराची कथा सांगत आले आणि शास्त्रज्ञांनी सांगितलं, की तिथे खरोखर आकाशातून अशनी पडला होता. इथे लोक आकाशातून पडलेल्या ताऱ्याची कथा सांगतात, तर खड्डा जमिनीच्या पोटातून झालेला. पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले, की छोटे मासे येऊन टाचा कुरतडतात. मस्कतच्या मॉलमध्ये यालाच पैसे मोजायला लागतात, असं म्हणत वहिनींनी अर्धा तास पाय बाहेर काढले नाहीत. थर्मास तिथेच रिकामा झाला.

तिथून साधारण अर्ध्या तासावर तिवी गाव आणि गावाशेजारी वादी शाब. वादी म्हणजे डोंगरातून येणाऱ्या पाण्याची घळ. बहुतेक वाद्या वर्षभर कोरड्या असतात आणि पाऊस झाला की तासाभरात नदी होतात. वादी शाबमध्ये मात्र बारा महिने पाणी. गाडी लावायची ती महामार्गाच्या पुलाखाली. डोक्यावर प्रचंड खांबांचा पूल आणि समोर खजुराची हिरवी बाग.

भाऊ गाडीतून उतरले ते सरळ एका खांबापाशी गेले. खांबावर हात ठेवून वर बघत उभे राहिले. "हो पूल आमी बांधलेलो," म्हणाले. मग त्यांनी जून २००७ मधल्या 'गोनू' वादळाची हकीकत सांगितली. अरबी समुद्रातलं इतकं मोठं वादळ ओमाननं आधुनिक काळात पाहिलं नव्हतं. हा सगळा किनारा त्याच्या तडाख्यात आला. छावणीतल्या लोकांना उंचावर नेलं होतं. रात्रभर पाऊस, आणि सकाळी पाहतात तो वादीतून घरांएवढे दगड गडगडत आलेले. केलेलं कितीतरी काम वाहून गेलं. "आठ दिवस घरी फोन लागूक नाय. गावाक टीव्हीवर बातमी बघून आईनं देव पाण्यात घातल्यान." पाणी ओसरल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केलं. पण पुलाखालून आत दोनशे पावलांवर काय आहे, ते पाहायला तीन वर्षांत कुणाला सवड झाली नाही.

आत जायला पहिल्यांदा होडीनं पलीकडे जावं लागतं. अंतर पाच मिनिटांचंही नाही, जाऊन-येऊन माणशी एक रियाल. होडीवाला पांढऱ्या दाढीचा ओमानी. आम्हाला बघून छान हिंदीत विचारलं, "बॉम्बे?" लहानपणी वडिलांच्या उपचारासाठी तो मुंबईत दोन महिने राहिला होता. तेव्हाचा पाऊस त्याच्या मनात अजून आहे. "बारिश, बारिश, बारिश," असं तो हातानं दाखवत राहिला. इथल्या जुन्या पिढीला मुंबई परकी नाही. एका रियालचे हजार 'बैसा' होतात आणि हा बैसा म्हणजे आपलाच पैसा. १९७० पर्यंत तर ओमानमध्ये रुपयाच चालायचा. आधी भारतातला आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा छापलेला. भाऊंनी रियाल पुढे केला, तेव्हा म्हातारा हसून म्हणाला, "पहले आता, तो रुपया चलता."

पलीकडे उतरलं की पाऊण तासाची चाल. सुरुवातीला खजूर आणि केळीच्या बागा, कडेनं फलज, म्हणजे डोंगरातून पाणी आणणारा दगडी पाट. आमच्या वहिनींना गावाकडच्या पाटाची आठवण आली. पुढे घळ अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना उंच कडे आणि वाट मोठमोठ्या गोट्यांवरून. चपला घालून येऊ नये, घसरत नाहीत असे बूट हवेत. शेवटी डोह लागतात आणि तिथून पुढे पोहतच जायचं. डॉक्टर आणि वहिनी सामान सांभाळत काठावर बसले. आम्ही चौघे जॅकेट घालून पाण्यात उतरलो. मी रंकाळ्यावरची, पण भाऊंचं पोहणं वेगळंच. खाडीकाठचा माणूस! साठीला आलेला हा गृहस्थ पाण्यात शिरला आणि पंचवीस वर्षांचा झाला.

शेवटच्या डोहाच्या टोकाला कड्यात एक फट आहे. जेमतेम डोकं मावेल एवढी जागा, खाली खोल पाणी. दोन्ही हातांनी दगड धरत पुढे सरकलं, की एकदम गुहा उघडते. वरच्या भोकातून उजेड येतो आणि एका बाजूनं धबधबा कोसळत असतो. २०१२ साली जगातले नामांकित उडी मारणारे इथे स्पर्धेसाठी आले होते. आम्ही नुसते तरंगत राहिलो. पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. भाऊ उताणे पडून वर बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या पाणी सगळा आमच्या पुलाखालनंच जाता?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ मान हलवत राहिले.

काठावर थालीपीठं आणि दहीभात संपवून दुपारी पुढे निघालो. तिवीनंतर सूरच्या वाटेवर कल्हात येतं. आज तिथे छोटं गाव, डोंगराच्या उतारावर दगडांचे ढिगारे आणि त्यात उभी राहिलेली एक चौकोनी जुनी इमारत. तिला बीबी मरियमची कबर म्हणतात. अवशेषांभोवती कुंपण आहे, आम्ही बाहेरूनच पाहिलं. न सांगता गेलं तर कुणी गाडीही थांबवणार नाही. पण हे एके काळचं मोठं बंदर. अकराव्या ते पंधराव्या शतकात होर्मुझच्या राज्याचं दुसरं शहर. इथून अरबी घोडे जहाजांत भरून हिंदुस्थानात जायचे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरून ते दख्खनच्या फौजांना मिळायचे. १५०८ मध्ये अल्बुकर्कनं हे शहर जाळलं आणि दोनच वर्षांनी त्यानं गोवा घेतला. २०१८ मध्ये युनेस्कोनं कल्हातला जागतिक वारसा यादीत घेतलं.

मला कल्हात आवडतं ते इब्न बतूतामुळे. साधारण १३३० च्या सुमारास हा प्रवासी सूरला उतरला. समोर कल्हात दिसत होतं, जवळच वाटलं, म्हणून एका हिंदी सोबत्याला घेऊन तो पायी निघाला. वाटाड्या लबाड निघाला, घळी आडव्या आल्या, रात्र झाली, आणि कल्हातच्या वेशीवर पोहोचेपर्यंत त्याचे पाय सुजून गेले होते. पण तिथे खाल्लेल्या माशाचं त्यानं तोंड भरून कौतुक लिहून ठेवलं आहे. झाडाच्या पानांवर भाजलेला मासा भातावर घालून खातात आणि तो तांदूळ हिंदुस्थानातून येतो, असं तो सांगतो. मी हे गाडीत सांगितल्यावर भाऊ म्हणाले, "म्हणजे ह्यांका सातशे वर्षां आमीच भात पुरवतव!"

कल्हात आणि सूरच्या मध्ये नैसर्गिक वायूचा मोठा कारखाना आहे. थंड करून द्रवरूप केलेला वायू २००० सालापासून इथून जहाजांनी बाहेर जातो. घोडे गेले, वायू आला. बंदर मात्र आहेच.

सूरला पोहोचलो तेव्हा दुपारची दुकानं बंद होती. इथे दुपारी बाजार झोपतो तो चारला उठतो. एक हॉटेल उघडं मिळालं. तिथे भाजलेली सुरमई आणि भात. तिला इथे 'कनद' म्हणतात. सूरची सुरमई खाताना इब्न बतूताची आठवण निघणारच, निघाली. मग पायी निघालो खाडीकडे.

सूर म्हणजे जहाजं बांधणाऱ्यांचं गाव. इथली लाकडी गलबतं वाऱ्याच्या मोसमावर एकीकडे झांझिबारला आणि दुसरीकडे आपल्या किनाऱ्याला जायची. खजूर, सुके मासे घेऊन जायची, साग, तांदूळ, मसाले घेऊन यायची. गुलामांचा व्यापारही याच वाऱ्यांवर चालला, तेही विसरता येत नाही. पुढे आगबोटी आल्या, सुएझचा कालवा झाला आणि सूरचं महत्त्व ओसरलं. खाडीकाठी 'फतह अल खैर' नावाचं मोठं गलबत ठेवलं आहे. १९५१ साली सूरमध्येच बांधलेलं, सुमारे तीनशे टनी. ते विकलं गेलं आणि येमेनला पोहोचलं. १९९३ मध्ये सूरच्या लोकांनी वर्गणी काढून ते परत विकत आणलं. आपल्या गावचं जहाज परगावी कुजू नये, म्हणून!

शेजारीच जहाजबांधणीचं आवार आहे. अजून काम चालतं, थोडंसं. एका अर्धवट गलबताच्या पोटाखाली एक केरळी सुतार बसला होता. त्याच्याशी हिंदीत गप्पा झाल्या. कागदावर नकाशा नसतो, मापं डोळ्यात. आधी बाहेरच्या फळ्या बसवायच्या, आतल्या बरगड्या नंतर. फटींमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठासायचा. बाहेरून मोरीचं, म्हणजे शार्कचं तेल चोपडायचं. लाकूड बरंचसं भारतातलं. १९८० मध्ये टिम सेव्हरिनचं 'सोहार' हे जहाज इथेच सूरला बांधलं गेलं. एकही खिळा न मारता, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून. त्याचं लाकूड मलबारातलं, ऐनीचं, म्हणजे फणसाच्याच कुळातलं. ते मस्कतहून निघून १९८१ मध्ये चीनपर्यंत पोहोचलं. मस्कतला अल बुस्तानच्या चौकात आपण रोज ज्या जहाजाला वळसा घालून जातो, ते हेच.

भाऊ त्या सुतारापाशी खाली बसले. त्याच्या हातातला सामता बघून त्यांना शब्द सुचेनात. सामता म्हणजे दोरीच्या धनुष्यानं फिरवायचा भोकं पाडायचा गिरमिट. त्यांचे आजोबा देवगडच्या गलबतावर तांडेल होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मंगलोरी कौलं आणायची, मीठ न्यायचं. "आजो नारळी पुनवेक घरातनं जायचो, तो पावसाच्या तोंडाक यायचो. आठ म्हयने गायब. आजी म्हणायची, पावण्यासारखो येता." नाखवा, तांडेल, खलाशी, बंदर, मोसम हे शब्द त्यांनी एकेक करून उच्चारले. सुताराला कळले आणि शेजारी उभ्या असलेल्या सूरच्या म्हाताऱ्यालाही. मोसम तर अरबीच, त्यावरूनच इंग्रजांचा मान्सून झाला.

संध्याकाळी झुलता पूल ओलांडून पलीकडे अल आयजाला गेलो. पांढरी घरं, नक्षीचे लाकडी दरवाजे, टोकाला दीपस्तंभ. भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं. आम्ही कठड्यावर बसलो होतो आणि सोलापूरकर सहज बोलून गेला, "भाऊ, मजा आहे तुमची. आता कायमचं घरी."

भाऊ काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेवीस वर्षांत मी घराक तेवीस म्हयने ऱ्हवलंय. बायको म्हणता, तुमी ईलात काय घराची घडी मोडता. पोरगो पुण्याक. वाडीत नवी पोरां माका विचारतत, काका, तुमी खयचे? हय पावणो, नि थय पण पावणोच."

यावर आम्ही काय बोलणार? आखातातल्या जवळजवळ प्रत्येक घरात हा विषय कपाटात ठेवलेला असतो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये गेलेल्यांना "परत जायचं का?" असा प्रश्न असतो. आम्हाला तो नसतो. जायचं हे ठरलेलंच, फक्त तारीख माहीत नसते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून आपण इथे पाहुणे, आणि इतकी वर्षं पाहुणे राहिलो की तिथेही पाहुणे. डॉक्टर शेवटी म्हणाले, "भाऊ, तुमचे आजोबा दरवर्षी परत यायचे ना? दर वेळी आजीची घडी मोडतच असेल. पण बसायची ना पुन्हा?" भाऊ हसले. म्हणाले, "बसायची. पण आज्याक गलबताचा काम येय. माका पूल बांधूक येता. वाडीत खय पूल?" वहिनी पटकन म्हणाल्या, "मखर तर येतं? गावच्या गणपतीचं करा." त्यावर मात्र ते विचारात पडले. येताना गाडीत तासभर मखराचंच बोलणं चाललं होतं. थर्माकोल नको, बांबू नि काथ्याचं करायचं, गलबताच्या आकाराचं.

सूरहून पुढे रास अल जिन्झला समुद्री कासवं अंडी घालायला येतात. रात्रीची फेरी असते, आधी नोंदणी करावी लागते, त्यामुळे ते एका दिवसात बसत नाही. तुम्ही इकडे येणार असाल, तर एक मुक्काम सूरला ठेवा. ऑक्टोबर ते मार्च हे दिवस बरे. वादीत उतरताना अंगभर कपडे असू द्या, पोहता येत असलं तरी जॅकेट घ्या, आणि डोंगरात ढग दिसले तर वादीत पाऊलही टाकू नका. आणि इथेच राहत असाल, तर निरोपाच्या जेवणापर्यंत थांबू नका.

भाऊ फेब्रुवारीत गेले. परवा त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. अंगणात चिरलेल्या बांबूच्या कांबींचा ढीग, शेजारी काथ्याचं भेंडोळं आणि मागे दोन-तीन पोरं. खाली लिहिलं होतं, "कासवां बघूक गेलात काय फोटो टाका. पोरांका दाखवूचे हत."